विद्येचे गाव : बडोद्याची कमाई आणि बडोद्याचे देणे



ज्या गुरुजींच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला लाभले नाही. मी या शाळेचा विद्यार्थी नव्हे. मी बडोद्यात आलो तो १९६७ साली, नंदुरबारकडच्या एका खेड्यातून, बी. ए.च्या पहिल्या वर्गासाठी. तापी खोऱ्याच्या गाडीने सुरत आणि तेथून गाडी बदलून बडोदे. सोबत एक पत्र्याची ट्रंक आणि एक वळकटी. तरीही गुरुजींचे माझ्यावर एक ऋण आहे. ते कोणते, हे मी व्याख्यानाच्या शेवटी सांगेन, कारण आजच्या विषयाशी त्याचा थेट संबंध आहे.

बडोद्याला आपण मोठ्या अभिमानाने ‘संस्कारनगरी’ म्हणतो. स्टेशनावर उतरलेल्या पाहुण्यालाही आपण हे पहिल्या दहा मिनिटांत सांगून टाकतो. परंतु गावाने स्वतःला दिलेली पदवी अधूनमधून तपासून घ्यावी, आणि ती तपासण्याचा अधिकार त्या गावात आयुष्य काढलेल्या माणसाला असतो, असे मी समजतो. म्हणून आज मी एक साधा प्रश्न घेऊन आपल्यासमोर उभा आहे. विद्येचे गाव कशाने मोठे होते? आणि त्या कसोटीला आपले बडोदे कितपत उतरते?

१. कॉलेज असलेले गाव आणि विद्येचे गाव

आज कॉलेज नाही असे तालुक्याचे गाव शोधावे लागेल. पण कॉलेज असणे आणि विद्येचे गाव असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या गावी परगावचा माणूस शिकायला किंवा शिकवायला येतो, तेथे राहतो आणि त्याच्या राहण्याने ते गावही थोडे बदलते, त्याला मी विद्येचे गाव म्हणतो. अशा माणसाला तीन गोष्टी लागतात. शिकवणारी संस्था लागते, वाचायला ग्रंथ लागतात आणि पाठ टेकायला घर लागते. पहिल्या दोन गोष्टी राजा देऊ शकतो, सरकार देऊ शकते, एखादा दानशूर सावकार देऊ शकतो. तिसरी मात्र गावालाच द्यावी लागते.

हा अनुभव जगातल्या जुन्या विद्यापीठांनीही घेतला आहे. इटलीतील बोलोन्या येथे देशोदेशींचे विद्यार्थी कायदा शिकायला जमत. त्यांच्या आणि गावकऱ्यांच्या मधला मोठा प्रश्न अभ्यासक्रमाचा नसून खोल्यांच्या भाड्याचा होता. भाडे ठरवण्यासाठी दोन्ही बाजूंची माणसे नेमावी लागत. इंग्लंडात १२०९ साली ऑक्सफर्डचे गावकरी आणि विद्यार्थी यांच्यात इतके वितुष्ट आले, की अनेक विद्वान गाव सोडून निघून गेले. त्यांतले काही केंब्रिजला जाऊन स्थिरावले आणि तेथे दुसरे विद्यापीठ उभे राहिले. पुढे १३५५ साली ऑक्सफर्डमध्येच दारूच्या गुत्त्यातल्या एका भांडणाचे पर्यवसान कत्तलीत झाले. त्याचे प्रायश्चित्त म्हणून गावाने दरवर्षी विद्यापीठासमोर दंड भरण्याची प्रथा १८२५ पर्यंत चालू होती. विद्वान मुकाट्याने निघून जातो तेव्हा त्या दिवशी गावाला काहीच जाणवत नाही. आपण काय गमावले ते दुसऱ्या गावाची भरभराट पाहून पुष्कळ वर्षांनी कळते.

आपल्याकडे यासाठी एक सुंदर शब्द होता, ‘वार’. गरीब विद्यार्थी वार लावून जेवत असे, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, अशी सात दिवसांची सात घरे. पुण्यात अशा वारांवर शिकून कितीतरी मोठी माणसे तयार झाली. मात्र कोणाच्या पानाला वार मिळत असे आणि कोणाच्या मिळत नसे, हेही आपण सगळे जाणतो. वाराचे गोडवे गाताना आपण तेवढे एक वाक्य गाळत आलो आहोत.

२. दरबाराने दिले ते

बडोद्याला पहिल्या दोन गोष्टी किती उदार हातांनी मिळाल्या, ते आधी कृतज्ञतेने सांगितले पाहिजे.

नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा, १८६३ मध्ये जन्मलेला, अक्षरओळखही नसलेला एक मुलगा १८७५ मध्ये दत्तक होऊन बडोद्याच्या गादीवर आला. वयाच्या तेराव्या वर्षी पाटीवर अक्षरे गिरवू लागलेल्या या माणसाने पुढे विद्येवर जेवढा खर्च केला, तेवढा पदव्या मिळवलेल्या अनेक राज्यकर्त्यांनी केला नाही. उशिरा मिळालेल्या अक्षराची किंमत सयाजीरावांना ठाऊक होती.

कॉलेजची मुहूर्तमेढ सर टी. माधवराव दिवाण असताना रोवली गेली आणि १८८१ मध्ये बडोदा कॉलेज सुरू झाले. चिझम या वास्तुविशारदाने आखलेल्या त्या इमारतीचा प्रचंड घुमट आजही स्टेशनाबाहेर पडलेल्या माणसाची नजर वर उचलतो. त्याच १८८१ च्या डिसेंबरात सयाजीरावांच्या हाती राज्यकारभार आला. १८८६ मध्ये मौलाबक्षांच्या नेतृत्वाखाली गायनशाळा निघाली. १८९० मध्ये प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या देखरेखीखाली कलाभवन निघाले. तेथे रंगकाम, विणकाम, यंत्रकाम शिकवले जाई, आणि आपल्या चित्रपटसृष्टीचे जनक दादासाहेब फाळके यांनीही तेथे धडे घेतले. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ मध्ये तो संबंध राज्याला लागू करण्यात आला. ब्रिटिश हिंदुस्थानात त्या वेळी याची नुसती चर्चा चालू होती.

ग्रंथालयाची गोष्ट तर मला विशेष प्रिय आहे. अमेरिकेच्या प्रवासात महाराजांनी तेथील सार्वजनिक वाचनालये पाहिली आणि १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बडोद्यात आणले. बॉर्डन आले न्यू हेवनहून, म्हणजे येल विद्यापीठाच्या गावाहून. एका विद्येच्या गावाने दुसऱ्या होऊ घातलेल्या विद्येच्या गावाला आपला माणूस दिला, असे मी याकडे पाहतो. बॉर्डन तीन वर्षे राहिले. तेवढ्या काळात महाराजांच्या खाजगी संग्रहातल्या ग्रंथांच्या पायावर मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, ग्रंथपालनाचे वर्ग निघाले आणि खेड्यापाड्यांत लाकडी पेट्यांतून पुस्तके पाठवणारी फिरती ग्रंथालये सुरू झाली. गुजराती गावांत मोतीभाई अमीन यांनी या चळवळीला घरोघर नेले. पुढे १९३१ मध्ये मध्यवर्ती ग्रंथालयाची स्वतंत्र इमारत झाली. तिच्या लोखंडी मांडण्या आणि वरच्या मजल्यांवरची काचेची जमीन यांची आठवण आपल्यापैकी अनेकांना असेल. उजेड वरून खालच्या कपाटापर्यंत झिरपावा म्हणून ती काच. मी पहिल्यांदा तिच्यावर पाऊल ठेवले, तेव्हा फुटेल या भीतीने वहाणा हातात घेतल्या होत्या.

१९१६ मध्ये राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’ने गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचा आरंभ झाला. पाटणच्या जैन भांडारांतली ही पोथी चिमणलाल दलाल यांनी संपादित केली होती. याच ग्रंथमालेतून पुढे ‘तत्त्वसंग्रहा’सारखे दुर्मिळ ग्रंथ जगातल्या अभ्यासकांच्या हाती पडले. १९२७ मध्ये प्राच्य विद्यामंदिर रीतसर स्थापन झाले, आणि वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्तीही याच संस्थेने सिद्ध केली. तिचा शेवटचा खंड १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला.

१९०१ च्या शिरगणतीत या शहराची वस्ती एक लाखाच्या थोडीशी वर होती. एवढ्याशा गावाला एका माणसाच्या हयातीत इतके मिळाले.

३. घरांनी दिले ते

आता घरांकडे वळतो.

१८९३ च्या फेब्रुवारीत विलायतेहून एक तरुण बंगाली गृहस्थ बडोद्यात नोकरीवर रुजू झाले. इंग्रजी, फ्रेंच, ग्रीक, लॅटिन उत्तम, पण स्वतःची मातृभाषा जवळजवळ अनोळखी. हे अरविंद घोष. कॉलेजात त्यांनी आधी फ्रेंच आणि मग इंग्रजी शिकवले, पुढे ते उपप्राचार्य झाले. तेरा वर्षे ते येथे राहिले, आणि त्यांतला बराच काळ दांडिया बाजारात, संस्थानचे अधिकारी खासेराव जाधव यांच्या घरी. खासेरावांचे बंधू माधवराव हे त्यांचे जिवलग स्नेही होते. बंगाली माणूस बडोद्यातल्या मराठी घरात राहिला, येथेच बंगाली शिकला, संस्कृत वाचू लागला, मराठी आणि गुजरातीही शिकला. कन्हैयालाल मुनशी त्यांचे येथलेच विद्यार्थी. १९०६ मध्ये अरविंद कलकत्त्याला गेले ते राष्ट्रीय चळवळीत उडी घेण्यासाठी. त्या उडीआधीची शिदोरी त्यांनी कॉलेजच्या वर्गात जेवढी बांधली, तेवढीच जाधवांच्या माडीवरही बांधली असे माझे मत आहे.

गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ मध्ये दरबारच्या नोकरीत आले आणि १९२५ पर्यंत राहिले. राजपुत्रांना इतिहास शिकवता शिकवता काढलेल्या टिपणांतून १८९८ मध्ये ‘मुसलमानी रियासत’ निघाली आणि १९०२ पासून ‘मराठी रियासत’. सरदेसाई कॉलेजात प्राध्यापक नव्हते. परंतु विद्येच्या गावी कचेरीतला माणूसही ग्रंथकार होतो, कारण शेजारी ग्रंथ असतो आणि ओटीवर त्यावर बोलायला माणूस असतो.

वडिलांच्या नोकरीमुळे बडोद्यात वाढलेले विनायक नरहर भावे शाळेच्या अभ्यासापेक्षा ग्रंथालयात अधिक रमत. मित्रांना जमवून त्यांनी एक विद्यार्थी मंडळ काढले आणि त्याचा ग्रंथसंग्रहही उभा केला. बडोदा कॉलेज तेव्हा मुंबई विद्यापीठाला जोडलेले होते. १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विनायकराव सुरतलाच उतरले आणि काशीच्या गाडीत बसले. पुढे जग त्यांना विनोबा म्हणून ओळखू लागले. कवी माधव जूलियन यांचा जन्म बडोद्याचा आणि शिक्षणही बडोदा कॉलेजातले. १९०९, १९२१ आणि १९३४ अशी तीन मराठी साहित्य संमेलने या गुजराती मुलखातल्या गावाने भरवली, आणि २०१८ मध्ये चौथ्यांदा हा मान घेतला. पाहुणे तेव्हा पुष्कळसे घरोघरच उतरत.

मित्रहो, येथपर्यंतचे व्याख्यान मी या गावात अनेक वेळा दिले आहे. ते नेहमी आवडते. लोक टाळ्या वाजवतात, चहा होतो आणि आपण प्रसन्न मनाने घरी जातो. आज मात्र येथे थांबता येणार नाही.

४. गावाने नाकारले ते

भीमराव रामजी आंबेडकर या विद्यार्थ्याला बी. ए.च्या शिक्षणासाठी सयाजीरावांनी दरमहा पंचवीस रुपये दिले. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यासाठी शब्द टाकला होता. १९१३ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता मंजूर झाली. अट एवढीच, की परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करायची. शिष्यवृत्ती संपल्यावर लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून, करार पाळण्यासाठी ते सप्टेंबर १९१७ मध्ये बडोद्यात आले.

त्या वेळी बडोद्यातच नव्हे, तर हिंदुस्थानात त्यांच्याइतका अर्थशास्त्र शिकलेला माणूस विरळा असेल. कोणत्याही विद्येच्या गावाने अशा माणसाला स्टेशनावर घ्यायला जावे. त्यांना घ्यायला कोणी आले नाही. हिंदू खाणावळीत जागा मिळणे शक्य नव्हते. एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव धारण करून ते राहिले. सरकारी बंगल्यासाठी केलेला अर्ज या अधिकाऱ्याकडून त्या अधिकाऱ्याकडे फिरत राहिला. अकराव्या दिवशी सकाळी लाठ्या घेतलेले लोक आले आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडण्याचा हुकूम देऊन गेले.

हे सारे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्यातला एक तपशील माझ्या मनातून जात नाही. ते लोक जिना चढून वर आले, तेव्हा बाबासाहेब कचेरीला निघण्याच्या तयारीत होते आणि ग्रंथालयात परत करायची पुस्तके गोळा करीत होते. म्हणजे या गावाने त्यांना पुस्तक दिले होते. बॉर्डनने घालून दिलेली पद्धत चोख होती. पुस्तक घेणाऱ्याची जात तेथे आड आली नाही, आणि घेणारा ते मुदतीत परत करायलाही निघाला होता. सर्व जागच्या जागी होते. फक्त घर नव्हते.

त्या दुपारी ते दोन स्नेह्यांकडे गेले. एक हिंदू, एक ख्रिस्ती. एकाने सांगितले की तुम्ही आलात तर घरचे नोकर निघून जातील. दुसऱ्याने सांगितले की पत्नीला विचारावे लागेल. दोघेही सुशिक्षित होते आणि दोघेही मनाने वाईट नव्हते, हे मुद्दाम लक्षात घ्यावे. लाठ्या घेऊन आलेल्यांपेक्षा मला हे दोघेच अधिक ओळखीचे वाटतात. रात्री नऊच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचा वेळ बाबासाहेबांनी कमाटी बागेत काढला. ज्या झाडाखाली ते बसले होते त्या जागेला आज ‘संकल्पभूमी’ म्हणतात, आणि दरवर्षी २३ सप्टेंबरला तेथे लोक जमतात.

कमाटी बाग, म्हणजे आपली सयाजी बाग, कॉलेजच्या घुमटापासून किती दूर आहे? चालत गेले तर काही मिनिटांच्या वाटेवर. दरबाराने दिलेले सर्व काही त्या झाडाच्या आसपास होते. कॉलेज होते, १८९४ चे संग्रहालय बागेतच होते, ग्रंथालय होते. सयाजीरावांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी १८८० च्या दशकातच शाळा काढल्या होत्या आणि पुढे वसतिगृहेही. राजाने करायचे ते पुष्कळसे केले होते. शहरात हजारो खोल्या होत्या, आणि त्यांतली एकही राजाची नव्हती. त्या आपल्या होत्या.

यात केवळ एका माणसावर अन्याय झाला असे मानून चालणार नाही. गावाचे काय गेले तेही पाहावे. १९१८ च्या नोव्हेंबरात हाच माणूस मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचा प्राध्यापक झाला. १९४५ मध्ये त्याने पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले आणि १९५० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत ते महाविद्यालय काढले, जे पुढे मिलिंद म्हणून नावाजले. मराठवाड्यातल्या उपेक्षित घरांतली मुले तेथे शिकली आणि वसतिगृहात राहिली. त्या नागसेनवनातून मराठी साहित्याला एक संबंध पिढी मिळाली. ऑक्सफर्डहून निघालेले लोक केंब्रिजला गेले, तसेच हे झाले. बडोद्याने दहा वर्षांच्या कराराने बांधलेला माणूस अकरा दिवसांत गमावला.

५. १९४९ नंतर

बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले ते १ मे १९४९ रोजी. महाराजा सयाजीराव विद्यापीठ अस्तित्वात आले ते ३० एप्रिलला, म्हणजे आदल्या दिवशी. आपले अस्तित्व संपत असताना एखाद्या राज्याने मागे काय ठेवावे, याचे हे उदाहरण आहे.

पहिल्या कुलगुरू श्रीमती हंसाबेन मेहता. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’ या अर्थाचा शब्दप्रयोग बदलून ‘सर्व मानव’ असा करण्याचा आग्रह ज्यांनी धरला, त्याच या विदुषी. त्यांच्या कारकिर्दीत विद्यापीठाने माणसे बाहेरून बोलावली. १९५० मध्ये ललित कला विद्याशाखा निघाली. तेथे इंदूरचे ना. श्री. बेंद्रे आले, शांतिनिकेतनहून शंखो चौधुरी आले, मूळचे केरळचे के. जी. सुब्रमण्यन आले. सुरेंद्रनगरहून गुलाम मोहम्मद शेख शिकायला आले आणि राहिले. मुंबईहून भूपेन खख्खर आले, एकीकडे हिशेबनिसाचे काम करीत चित्रे काढत राहिले. हिंदुस्थानच्या आधुनिक चित्रकलेचा इतिहास आता बडोद्याचे नाव टाळून लिहिता येत नाही.

विज्ञानातही तेच. तमिळनाडूतल्या चिदंबरमला जन्मलेला एक मुलगा आईवडिलांबरोबर वयाच्या तिसऱ्या वर्षी येथे आला, कारण त्याचे वडील जीवरसायनशास्त्राचा विभाग उभारायला आले होते. तो येथेच शिकला आणि १९७१ मध्ये येथूनच भौतिकशास्त्राची पदवी घेऊन अमेरिकेला गेला. २००९ मध्ये वेंकटरामन रामकृष्णन यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हा बडोद्याने पेढे वाटले. ते वाटण्याचा हक्क गावाला होता, कारण त्या कुटुंबाला गावाने घर दिले होते.

विद्यापीठाने इंग्रजी माध्यम ठेवले, त्यामुळे परप्रांतीयांना दार उघडे राहिले. वसतिगृहे झाली. परंतु वसतिगृहात सर्वांना जागा कधीच पुरत नाही. उरलेल्यांसाठी दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा, कोठी, फत्तेगंज येथली घरे होती. विद्यापीठाचे अर्धे काम त्या घरांच्या माड्यांवर चालत होते, आणि त्याची नोंद कोणत्याही वार्षिक अहवालात नाही.

६. एक माडी

आता मी सुरुवातीला सांगितलेल्या ऋणाकडे येतो.

१९६७ च्या जूनमध्ये दांडिया बाजारातल्या एका वाड्यात मला वरची खोली मिळाली. वाड्याच्या मालकीणबाईंना आम्ही काकू म्हणत असू. त्या विधवा होत्या, प्रेमळ होत्या, मला ताप आला तर रात्री उठून पेज करून देत. माझ्याच खोलीशेजारी दुसरी खोली रिकामी होती. माझ्याच तालुक्यातला, माझ्याच वर्गातला एक मित्र जागा शोधत होता. मी त्याला घेऊन आलो. काकूंनी त्याला पाणी दिले, गाव विचारले, आणि मग आडनाव विचारले. त्याने सांगितले. काकू क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “खोली कालच लागली हो.”

खोली लागलेली नव्हती, हे मला ठाऊक होते. काकूंना ठाऊक होते. आणि माझ्याकडे एकदा पाहून जिना उतरू लागलेल्या मित्रालाही ठाऊक होते. मी काही बोललो नाही. माझी स्वतःची खोली जाईल ही भीती होती, हे आज या वयात कबूल करण्यात लाज धरण्याचे कारण नाही. लाज तेव्हा धरायला हवी होती. ती खोली दिवाळीपर्यंत रिकामी होती. रोज चार वेळा मी तिच्या कुलपावरून जात असे.

मित्राला त्याच आठवड्यात जागा मिळाली. या शाळेतल्या एका शिक्षकांनी, त्यांची त्याची काही ओळख नसताना, आपल्या घराची माडी त्याला दिली. घर दोन खणांचे, त्यात त्यांची स्वतःची चार मुले. मित्र तेथे तीन वर्षे राहिला. रात्री त्याच्याबरोबर त्या घरातली मुलेही कंदिलाभोवती अभ्यासाला बसत. शेजारची एक-दोन घरे काही दिवस त्यांच्याशी बोलेनाशी झाली, आणि मग पुन्हा बोलू लागली. मित्र उत्तम गुणांनी पास झाला आणि पुढे सरकारी सेवेत मोठ्या पदावरून निवृत्त झाला. ते शिक्षक कोण, हे सांगण्याची आता गरज उरलेली नाही. त्यांच्याच तसबिरीला आपण मघाशी हार घातला. त्यांनी आयुष्यात या विषयावर एकही भाषण केले नाही. माझे ऋण असे, की जे मी करायला हवे होते ते त्यांनी केले.

पुढे मी स्वतः प्राध्यापक झालो, घर बांधले आणि वरचा मजला विद्यार्थ्यांना देऊ लागलो. पत्नीने आणि मी एक नियम ठेवला. येणाऱ्याला गाव विचारायचे, विषय विचारायचे, जेवणाची सोय काय ते विचारायचे. आडनाव त्याने सांगितले तर ऐकायचे, आपण होऊन विचारायचे नाही. हा काही मोठा पराक्रम नव्हे. पण हा नियम पाळताना, तो किती वेळा जिभेच्या टोकावरून परत घ्यावा लागतो, हे मी अनुभवाने सांगू शकतो.

७. उपसंहार

मित्रहो, काळ बदलला. वाडे जाऊन सदनिका आल्या. वार गेले, मेसचे डबे आले. आडनाव विचारण्याची रीतही बदलली आहे. आता कोणी लाठी घेऊन येत नाही. ‘तुम्ही काय खाता’ एवढेच विचारतात. ‘सोसायटीचा ठराव आहे’ म्हणतात. कधी धर्म आड येतो, कधी ईशान्येकडचा चेहरा, कधी जुनीच जात नव्या नावाने. शब्द सभ्य झाले आहेत, पण ‘खोली कालच लागली हो’ या वाक्याचा अर्थ १९६७ मध्ये होता तोच आजही आहे, आणि १९१७ मध्येही तोच होता.

या सभागृहात बसलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांची आता बडोद्यात, पुण्यात, मुंबईत, परदेशातही घरे आहेत. त्यांतली काही विद्यापीठांच्या शेजारी आहेत. शाळेच्या इमारत निधीला आपण मदत करता, ती करावीच. पण गुरुजींचे स्मारक म्हणून मी आज आपल्यापाशी पैसे मागत नाही. परगावचा एखादा मुलगा किंवा मुलगी आपल्या दारी खोली विचारायला येईल, तेव्हा काय विचारायचे आणि काय विचारायचे नाही, एवढे आज येथून जाताना ठरवून जावे. सयाजीरावांनी करायचे ते करून ठेवले आहे. घुमट आहे, ग्रंथ आहेत, विद्यापीठ आहे. बडोद्याचे देणे अजून शिल्लक आहे, आणि ते दरबाराच्या खात्यावर नाही.